ख्रिस्ती श्रद्धा, विवाह आणि कुटुंबजीवन : मराठी वाचकासाठी एक वाचनक्रम

सारांश

विवाह व कुटुंब या विषयावरील ख्रिस्ती वाङ्मय विपुल आहे. त्यातील बहुतेक मार्गदर्शनपर पुस्तके पती-पत्नी दोघेही एकाच श्रद्धेचे आहेत असे गृहीत धरून लिहिलेली असतात. मराठीतील ख्रिस्ती गद्य मात्र श्रद्धेच्या प्रश्नावरून दुभंगलेल्या घराच्या अनुभवातून मोठ्या प्रमाणावर घडले. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनात हा अनुभव वेगवेगळ्या रीतीने व्यक्त झाला आहे. पवित्र शास्त्र, चर्चची शिकवण, हे मराठी ग्रंथ आणि विवाहविषयक कायदा यांचे एकत्र वाचन केल्यास 'जोडीदाराच्या सद्सद्विवेकाचा मान' हे ख्रिस्ती विवाहविचाराचे मर्म स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : ख्रिस्ती विवाह, कुटुंबजीवन, धर्मांतर, संमती, मराठी ख्रिस्ती वाङ्मय.

१. प्रस्तावना

विवाहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुण-तरुणींना, नवविवाहित दांपत्यांना किंवा धर्मगुरूंना विवाह व कुटुंब या विषयावर काय वाचावे असा प्रश्न पडतो, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा इंग्रजीतून अनुवादित झालेली मार्गदर्शनपर पुस्तके येतात. संवाद कसा साधावा, मुलांना वळण कसे लावावे, कौटुंबिक प्रार्थना कशी करावी अशा व्यावहारिक प्रश्नांची उत्तरे त्यांत मिळतात. या पुस्तकांचे मूल्य नाकारण्याचे कारण नाही. तथापि, ती ज्या घराचे चित्र डोळ्यांसमोर ठेवतात ते घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेले, छोटे आणि आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र असते. सासू-सासरे, दीर-नणंदा, जातीचे नातेसंबंध, सोवळे-ओवळे आणि गावाचे मत यांना त्या घरात जागा नसते.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबाचा इतिहास याहून वेगळा आहे. अमेरिकन मिशनरी इ. स. १८१३ मध्ये मुंबईत आले आणि इ. स. १८३१ मध्ये अहमदनगर येथे त्यांचे केंद्र सुरू झाले. इ. स. १८४२ मध्ये तेथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. या काळात ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांच्यापुढे सिद्धान्ताच्या प्रश्नाबरोबरच घराचा प्रश्न उभा राहिला. पती ख्रिस्ती झाला आणि पत्नी झाली नाही तर त्यांच्या विवाहाचे काय? मुले कोणाकडे राहतील? वारसाहक्क टिकेल काय? एका पंक्तीला बसता येईल काय? हे प्रश्न मराठी ख्रिस्ती वाङ्मयात आरंभापासून दिसतात. म्हणूनच मराठी वाचकासाठी वाचनक्रम सुचविताना त्यांना मध्यवर्ती स्थान देणे आवश्यक ठरते.

२. आधारवाचन : पवित्र शास्त्र

ख्रिस्ती विवाहविचाराचे मूळ पवित्र शास्त्रात असल्याने वाचनाचा आरंभ तेथूनच व्हावा. मात्र संपूर्ण बायबल एकदम हाती घेण्याऐवजी काही निवडक भाग क्रमाने वाचणे अधिक उपयुक्त ठरते.

पहिला भाग उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्या दोन अध्यायांचा होय. पहिल्या अध्यायात स्त्री व पुरुष दोघेही देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाल्याचे सांगितले आहे. दुसऱ्या अध्यायात पुरुषाने आईवडिलांना सोडून पत्नीशी जडून राहावे आणि दोघांनी एकदेह व्हावे, असा विचार येतो. वधूने माहेर सोडावे ही अपेक्षा असलेल्या समाजात 'सोडून जाण्याची' ही भाषा पुरुषाला उद्देशून वापरलेली आहे, ही बाब एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी वाचकाने विशेषत्वाने लक्षात घ्यावी. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात घटस्फोटाविषयी प्रश्न विचारला गेला असता येशू ख्रिस्त याच वचनाचा आधार घेतो.

दुसरा भाग रूथच्या छोट्या पुस्तकाचा. या पुस्तकाचे अवघे चार अध्याय आहेत. रूथ ही मवाबी म्हणजे परक्या समाजातील विधवा सून. पतीच्या निधनानंतर ती सासूची साथ सोडत नाही आणि पुढे तिचा पुनर्विवाह होतो. विधवा, सासू आणि पुनर्विवाह या तिन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याच्या होत्या, त्यामुळे पुढे येणाऱ्या मराठी ग्रंथांसाठी ही कथा उत्तम पार्श्वभूमी ठरते.

तिसरा भाग इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील होय. पत्नीने पतीच्या अधीन असावे, या उपदेशासाठी हा उतारा वारंवार उद्धृत केला जातो. परंतु त्याच्या आरंभीच सर्वांनी परस्परांच्या अधीन असावे अशी सूचना आहे, आणि पतीवर टाकलेली जबाबदारी ख्रिस्ताने मंडळीसाठी केलेल्या आत्मसमर्पणाच्या मापाने मोजलेली आहे. उताऱ्याचा आरंभ वगळून वाचन केल्यास त्याचा अर्थ एकांगी होतो.

चौथा भाग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषित पौल मिश्र श्रद्धेच्या विवाहाचा विचार करतो. त्याचा आशय असा : विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहण्यास राजी असेल, तर विश्वासी व्यक्तीने त्याला सोडू नये. तो स्वतःहून वेगळा झाला, तर विश्वासी व्यक्तीवर बंधन राहत नाही, कारण देवाने माणसांना शांतीत राहण्यासाठी बोलावले आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे श्रद्धेतील भेद हे विवाह मोडण्याचे कारण मानलेले नाही. दुसरी म्हणजे सोबत राहावे की नाही, हा निर्णय विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराच्या राजीखुशीवर सोपविलेला आहे. त्याच्यावर बळजबरी करण्याची मुभा या उताऱ्यात कोठेही नाही.

३. परंपरा आणि चर्चची शिकवण

शास्त्रवाचनानंतर परंपरेची ओळख करून घ्यावी. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी विवाहाच्या कल्याणाविषयी लिहिलेल्या ग्रंथात अपत्य, निष्ठा आणि पवित्र बंधन ही विवाहाची तीन मूल्ये मांडली. पुढील अनेक शतके पाश्चात्त्य चर्चचा विचार या चौकटीत चालला. इ. स. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाह धर्मगुरू व साक्षीदार यांच्यासमोरच व्हावा असा नियम केला. त्यामागे गुप्त विवाहांना आळा घालण्याचा हेतू होता. वधू-वरांची संमती हाच विवाहाचा गाभा, हे तत्त्व मात्र कायम राहिले. मार्टिन ल्यूथर यांनी विवाहाला साक्रामेंत मानण्यास नकार दिला. परंतु कुटुंबाची नित्याची कामे, मुलांचे संगोपन व घरातील कष्ट हीदेखील ईश्वराची सेवा आहे असे त्यांनी इ. स. १५२२ मधील विवाहविषयक लेखनात आग्रहाने मांडले. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट विचारांतील हा भेद वाचकाने समजून घ्यावा, कारण महाराष्ट्रात दोन्ही परंपरा नांदतात.

मराठी भूमीशी संबंधित पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' होय. इ. स. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटांनी इ. स. १६१६ मध्ये हे ओवीबद्ध पुराण प्रसिद्ध केले. आदम व एवा यांची कथा आणि काना गावच्या लग्नातील चमत्कार या प्रसंगांतून विवाहाचे ख्रिस्ती दर्शन मराठीच्या परिचित छंदात श्रोत्यांसमोर आले. या ग्रंथाची भाषा आजच्या वाचकाला कठीण वाटते, म्हणून हे दोन प्रसंग निवडून वाचणे पुरेसे आहे.

विसाव्या शतकातील कॅथलिक शिकवणीसाठी चार दस्तऐवज पुरेसे ठरावेत. पोप अकरावे पायस यांचे इ. स. १९३० चे विवाहविषयक परिपत्रक पारंपरिक भूमिका कडकपणे मांडते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या इ. स. १९६५ मधील 'आधुनिक जगातील चर्च' या घटनापत्राच्या परिच्छेद ४७ ते ५२ मध्ये विवाहाचे वर्णन जीवन व प्रेम यांची घनिष्ठ भागीदारी असे येते. कृत्रिम संततिनियमन नाकारणारे पोप सहावे पॉल यांचे परिपत्रक इ. स. १९६८ चे असून त्यावर चर्चमध्येही तीव्र मतभेद झाले. पोप फ्रान्सिस यांचे इ. स. २०१६ मधील 'आमोरिस लेतित्सिया' हे प्रबोधनपत्र नऊ प्रकरणांचे आहे. त्यातील चौथे प्रकरण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातील प्रेमस्तोत्राचे संसाराच्या संदर्भात विवरण करते, आणि आठवे प्रकरण विस्कटलेल्या वैवाहिक परिस्थितीतील व्यक्तींना सोबत देण्याविषयी आहे. वेळ कमी असणाऱ्याने निदान ही दोन प्रकरणे तरी वाचावीत.

मिश्र विवाहाबाबतही कॅथलिक चर्चची भूमिका बदलत गेली. पूर्वी मुलांच्या धार्मिक संगोपनाचे वचन दोन्ही पक्षांकडून घेतले जाई. इ. स. १९७० नंतर ते केवळ कॅथलिक जोडीदाराकडून घेतले जाते आणि दुसऱ्याला त्याची कल्पना दिली जाते. दुसऱ्याच्या सद्सद्विवेकाला दिलेली ही मान्यता आहे.

४. 'यमुनापर्यटन' : श्रद्धेत एक झालेले दांपत्य

बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांचा जन्म बेळगावचा. इ. स. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वीच, इ. स. १८५२ मध्ये, त्यांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारा निबंध लिहिला होता. इ. स. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेले 'यमुनापर्यटन' हे मराठीतील पहिली कादंबरी म्हणून सर्वपरिचित आहे. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, इ. स. १८५६ मध्ये, संमत झाला होता. ग्रंथाच्या उपशीर्षकातच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा हेतू जाहीर केलेला आहे.

यमुना आणि तिचा पती विनायक हे सुशिक्षित जोडपे प्रवासाला निघते आणि वाटेत त्यांना निरनिराळ्या परिस्थितीतील विधवा भेटतात. दोघांचाही कल ख्रिस्ती धर्माकडे आहे. शेवटी विनायकाचा मृत्यू होतो, यमुनेवर स्वतःवरच वैधव्याचे दुःख कोसळते आणि पुढे ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. वाङ्मयीन दृष्ट्या या कथेत उपदेशाचा भार मोठा आहे, ही टीका रास्तच आहे. कुटुंबजीवनाच्या अभ्यासकासाठी मात्र तिचे महत्त्व निराळे आहे. पती व पत्नी एकत्र वाचतात, प्रवासात पाहिलेल्या गोष्टींवर चर्चा करतात आणि एकमेकांपाशी मन मोकळे करतात, असे सहचारी दांपत्याचे चित्र मराठी गद्यात येथे ठळकपणे उभे राहते. त्या काळात पतीने पत्नीशी वडीलधाऱ्यांसमोर बोलणेही अनुचित समजले जाई, हे लक्षात घेतल्यास या चित्राचे नावीन्य कळते.

या चित्राची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. यमुना आणि विनायक यांच्यात श्रद्धेचा भेद नाही. संघर्ष आहे तो दांपत्य आणि बाहेरचे कुटुंब यांच्यात. धर्मांतर हे येथे दुःखावरील उत्तर म्हणून येते. त्याच धर्मांतराने दोघांच्या नात्यात काय उलथापालथ होऊ शकते, हा प्रश्न कादंबरी विचारत नाही. पदमनजींचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र सोबत वाचल्यास स्वतः लेखकाला घरातून किती विरोध व मानसिक घालमेल सोसावी लागली ते समजते आणि कादंबरीतील सुसंगत दांपत्य हे आदर्शचित्र होते याची जाणीव होते.

५. पंडिता रमाबाई : आई, विधवा आणि स्वतंत्र विवेक

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचा विवाह इ. स. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने झाला. जात आणि प्रांत यांची बंधने ओलांडणारा हा विवाह अल्पजीवी ठरला. इ. स. १८८२ मध्ये बिपिनबिहारींचे निधन झाले, तेव्हा कन्या मनोरमा तान्ही होती. त्याच वर्षी पुण्यात रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते त्यांच्या धर्मांतरापूर्वीचे असल्याने ख्रिस्ती ग्रंथ नव्हे. तथापि स्त्रीने विद्या संपादन करून स्वावलंबी व्हावे आणि विवाह जाणत्या वयात व्हावा, हा त्यातील विचार त्यांच्या पुढील लेखनाची भूमिका समजण्यासाठी आवश्यक आहे. इ. स. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इ. स. १८८७ मध्ये अमेरिकेत 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक प्रकाशित झाले आणि इ. स. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे इ. स. १९०७ मधील साक्षपर आत्मकथन विशेष वाचनीय आहे. आसामात राहत असताना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान त्यांच्या हाती आले आणि त्यांना ख्रिस्ती धर्माविषयी ओढ वाटू लागली. त्यांचे पती मिशनच्या शाळेत शिकलेले व बायबलशी परिचित होते, तरीही पत्नीने उघडपणे बाप्तिस्मा घ्यावा हे त्यांना रुचले नाही, असे रमाबाईंनी नमूद केले आहे. म्हणजे जातीची बंधने मोडणाऱ्या, सुधारकी विचारांच्या घरातही श्रद्धेचा प्रश्न नाजूकच राहिला. येथे पत्नी पुढे आणि पती मागे अशी स्थिती आहे, आणि मृत्यूमुळे तो प्रश्न अनुत्तरित राहिला.

रमाबाई व वाँटेज येथील सिस्टर जेराल्डीन यांच्यातील पत्रव्यवहार इ. स. १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाला. या पत्रांतून कुटुंबजीवनाचा आणखी एक पैलू उलगडतो. मनोरमेला कोणत्या पंथाचे धार्मिक शिक्षण द्यावे हे चर्चने ठरवावे की आईने, हा त्यांतील एक वादविषय होय. रमाबाईंनी आईचा अधिकार सोडला नाही आणि धर्मगुरूंच्या आज्ञेपुढे स्वतःचा विवेक गहाण ठेवण्यास नकार दिला. ख्रिस्ती पालकत्वावरील अनेक पुस्तके आज्ञाधारकतेवर भर देतात. श्रद्धावान माताही संस्थेशी मतभेद ठेवू शकते, याचे हे उदाहरण त्या पुस्तकांना पूरक ठरते.

६. 'स्मृतिचित्रे' : दुभंगलेले आणि पुन्हा सांधलेले घर

या वाचनक्रमाचे केंद्र म्हणून ज्या ग्रंथाची शिफारस करावी तो लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचा 'स्मृतिचित्रे' हा होय. इ. स. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठी साहित्यात अव्वल मानले जाते. विवाह व श्रद्धा यांच्या संबंधाचा दस्तऐवज म्हणून मात्र ते तितक्या आवर्जून वाचले जात नाही.

लक्ष्मीबाईंचे माहेर कडक सोवळ्याचे होते. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्याशी झाला. टिळक हे प्रतिभावान कवी, परंतु स्वभावाने अस्थिर व उतावळे. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेल्या नव्या कराराचे वाचन करता करता त्यांचे मन पालटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयात पत्नीचा सहभाग नव्हता. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने पती जिवंत असून संसार संपला. सौभाग्य आहे पण घर नाही, अशा अवस्थेत लहान मुलाला घेऊन त्यांनी नातलगांच्या आश्रयाने सुमारे पाच वर्षे काढली.

पुढील घटनाक्रम वाचकाने सावकाश वाचावा असा आहे. टिळकांनी दुसरा विवाह केला नाही आणि पत्नीशी असलेला संबंध तोडला नाही. कालांतराने लक्ष्मीबाई अहमदनगरला गेल्या, परंतु तेथेही त्यांनी आपले सोवळे व स्वयंपाक वेगळा ठेवला. म्हणजे पती ख्रिस्ती आणि पत्नी ब्राह्मणी आचार पाळणारी, असे त्यांचे सहजीवन काही काळ चालले. लक्ष्मीबाईंचे परिवर्तन वादविवादाने झाले नाही. जातिभेद ईश्वरनिर्मित आहे काय, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःच्या मनाशी निकाल लावला आणि त्यानंतर शिवाशिवीची बंधने गळून पडली. इ. स. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायरीने चालत येऊन.

प्रेषित पौलाने सांगितलेली स्थिती येथे प्रत्यक्ष घडताना दिसते. मात्र ग्रंथाचे मोल एवढ्यानेच संपत नाही. लक्ष्मीबाई पतीला संत करून ठेवत नाहीत. त्यांचा राग, विसराळूपणा, पैशाविषयीची बेफिकिरी आणि अचानक घेतलेले निर्णय यांची त्या मिस्कीलपणे नोंद करतात. त्याचबरोबर त्यांच्या औदार्याचीही कदर करतात. ख्रिस्ती झाल्यानंतर संसारातील भांडणे थांबली, असा दावाही त्या करत नाहीत. पतीच्या एकतर्फी निर्णयाने झालेली जखम त्यांनी लपविलेली नाही. म्हणूनच 'स्मृतिचित्रे' हा धर्मांतराचा गौरवग्रंथ ठरत नाही आणि तक्रारीचा पाढाही ठरत नाही. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या श्रद्धेमुळे एके काळी घर मोडले, त्याच श्रद्धेचे काव्य पत्नीने लिहावे, ही घटना या सहजीवनाविषयी बरेच काही सांगून जाते.

'यमुनापर्यटन' व 'स्मृतिचित्रे' ही दोन पुस्तके लागोपाठ वाचल्यास फरक ठळक होतो. पहिल्यात श्रद्धा ही कौटुंबिक दुःखातून सुटकेचा मार्ग आहे, दुसऱ्यात ती कौटुंबिक दुःखाचे कारण झाली आहे. दोन्ही अनुभव खरे आहेत आणि एकाशिवाय दुसऱ्याचे वाचन अपुरे राहते.

७. कायद्याची बाजू

दुभंगलेल्या घराचा प्रश्न कायद्यापुढेही आला. इ. स. १८५० च्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये अशी तरतूद केली. इ. स. १८६६ च्या कायद्यानुसार ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीचा जोडीदार केवळ धर्मांतराच्या कारणावरून सहा महिने सहवास नाकारत असेल, तर न्यायालयाकडे दाद मागता येत असे. न्यायालय जोडीदाराचे म्हणणे जाणून घेई, फेरविचारासाठी एक वर्षाची मुदत देई आणि त्यानंतरही नकार कायम राहिल्यास विवाह रद्द करी. मग दोघांनाही पुनर्विवाह करता येई. पौलाच्या उपदेशाची छाया या कायद्यावर स्पष्ट दिसते. टिळक दांपत्याला हा मार्ग उपलब्ध होता, परंतु त्यांचा प्रश्न न्यायालयात न जाता घरातच सुटला.

इ. स. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने विवाहविधी, सूचना व नोंदणी यांचे नियम घालून दिले. एतद्देशीय ख्रिस्ती वधूचे वय १३ वर्षांहून आणि वराचे १६ वर्षांहून अधिक असावे अशी त्यात मूळ तरतूद होती. इ. स. १९७८ च्या दुरुस्तीनंतर ही मर्यादा अनुक्रमे १८ व २१ झाली. इ. स. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात मात्र उघड विषमता होती. पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पतीला पुरेसे होते, तर पत्नीला व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग यांसारखे आणखी एखादे कारण सिद्ध करावे लागे. इ. स. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने या विषमतेवर बोट ठेवून संबंधित तरतुदीचा काही भाग घटनाबाह्य ठरविला. इ. स. २००१ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून पती-पत्नींसाठी समान कारणे आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद आणली. म्हणजे एका ख्रिस्ती पत्नीला कायद्यापुढे समान स्थान मिळण्यास तब्बल १३२ वर्षे लागली.

वाचकाने आणखी दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. चर्चच्या न्यायासनाने विवाह मुळात अवैध होता असा निर्णय दिला, तरी त्याने नागरी कायद्यातील विवाह संपुष्टात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने इ. स. १९९६ मध्ये स्पष्ट केले. तसेच गोव्यात विवाह व वारसा यांबाबत इ. स. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू असल्याने तेथील ख्रिस्ती कुटुंबांची कायदेशीर स्थिती महाराष्ट्रातील कुटुंबांहून वेगळी आहे.

८. सुचविलेला वाचनक्रम

वरील विवेचनाच्या आधारे वाचनाच्या चार पायऱ्या सुचविता येतात.

पहिली पायरी : उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय, रूथचे पुस्तक, करिंथकरांस पहिल्या पत्राचे सातवे व तेरावे अध्याय आणि इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय. जुन्या भाषांतराची भाषा अवघड वाटणाऱ्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे इ. स. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले 'सुबोध बायबल' साहाय्यभूत ठरेल. त्यास इ. स. २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला आहे.

दुसरी पायरी : 'स्मृतिचित्रे'. विवाहेच्छू जोडप्याने हे पुस्तक एकत्र वाचावे आणि टिळकांच्या जागी व लक्ष्मीबाईंच्या जागी आपण असतो तर काय केले असते, यावर बोलावे. सासू-सासऱ्यांनाही त्यात सहभागी करून घेतल्यास अधिक उत्तम.

तिसरी पायरी : 'यमुनापर्यटन', 'अरुणोदय' आणि रमाबाईंचे आत्मकथन व पत्रे. या पायरीवर विद्यार्थी व अभ्यासकांनी काळाचे संदर्भ सोबत ठेवून वाचन करावे.

चौथी पायरी : चर्चची शिकवण व कायदा. कॅथलिक वाचकांनी 'आमोरिस लेतित्सिया'चे चौथे व आठवे प्रकरण, प्रॉटेस्टंट वाचकांनी आपल्या मंडळीची विवाहोपासना आणि सर्वांनीच विवाह व घटस्फोटविषयक कायद्यांची मराठीतील माहिती वाचावी.

आधुनिक मार्गदर्शनपर पुस्तके या चार पायऱ्यांनंतर हाती घ्यावीत. तोपर्यंत त्यांतील उपदेशापैकी आपल्या घराला लागू पडणारे कोणते आणि न पडणारे कोणते, याचा विवेक वाचकाला आलेला असतो.

९. समारोप

ख्रिस्ती श्रद्धा आणि कुटुंब यांविषयीच्या मराठी वाङ्मयातून तीन निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, विवाहाचा गाभा संमती हा आहे आणि ती संमती लग्नाच्या दिवशी एकदाच देऊन संपत नाही. श्रद्धा, मुलांचे संगोपन, घरातील आचार यांबाबत ती पुनःपुन्हा मिळवावी लागते. दुसरा असा की, जोडीदाराच्या वतीने श्रद्धेचा निर्णय कोणालाही घेता येत नाही. टिळकांचा निर्णय प्रामाणिक असला तरी त्याची किंमत लक्ष्मीबाईंना मोजावी लागली, आणि घर सांधले गेले ते दोघांनीही वाट पाहिली म्हणून. तिसरा असा की, वाट पाहण्याचा उपदेश नेहमी स्त्रीलाच केला जाऊ नये यासाठी समान कायद्याचा आधार लागतो, आणि तो आधार ख्रिस्ती स्त्रियांना फार उशिरा मिळाला.

आंतरधर्मीय विवाह आणि श्रद्धाबदल यांवरून आजही घरे दुभंगतात. अशा घरातील माणसांना बोधवचनांपेक्षा, त्याच वाटेने आधी गेलेल्यांची सोबत अधिक उपयोगी पडते. ती सोबत मराठीत शंभर वर्षांहून अधिक काळ लिहिल्या गेलेल्या ग्रंथांतून उपलब्ध आहे. ग्रंथालयांनी व चर्चमधील विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांनी हे ग्रंथ तरुण वाचकांच्या हाती दिल्यास त्यांचे चीज होईल.